झिरपतं मडकं

केवळनाथ महाराज आंबेसांगवीच्या टेकडीखाली मठात राहत होते, त्या काळची ही गोष्ट. त्या उन्हाळ्यात गावात पटकीची साथ आली. ओकाऱ्या-जुलाब सुरू झाले की दोन दिवसांत घरात रडे ऐकू येई. भिवरा कुंभारणीची आठ वर्षांची गोदी अशीच गेली. वैद्य अंबादासरावांनी बजावले होते, पोटात काही ठरत नाही, पाण्याचा थेंब देऊ नका. गोदी शेवटपर्यंत "आई, पाणी" म्हणत राहिली, आणि भिवराने वैद्यांचा शब्द पाळला.

काही दिवसांनी ती मठात येऊन नुसती बसून राहिली. महाराज म्हणाले, "भिवरे, झिरपतं मडकं असलं तर तू काय करतेस?"

"भरत राहते, महाराज. कोरडं पडलं की तडकतं."

"माणसाचंही तसंच गं, माये."

भिवराने पदर तोंडात धरला. हे कळायला उशीर झाला होता. महाराजांचेही डोळे भरून आले. मग त्यांनी तिला सेवा शिकवली. राखेने हात धुवायचे. पाणी उकळून निववायचे, त्यात तांदळाची पातळ पेज आणि चिमूटभर मीठ घालायचे. माळेचा एक मणी, एक नाम, एक पळी. रोगी ओकला तर दहा मणी थांबायचे नि पुन्हा सुरू करायचे. त्याच्यावर चिडायचे नाही.

भिवरा घरोघर जाऊ लागली. काही वाचले, काही गेले. पारावर वैद्य म्हणाले, "फुटक्या मडक्यात पाणी ओततेय. कुंभारीण असून एवढं कळेना हिला. स्वतःची पोर राखता आली नाही, आणि निघाली गाव वाचवायला." भिवरा मान खाली घालून पुढच्या घरी गेली.

मग वैद्यांचीच माहेरी आलेली लेक द्वारका पडली. दीड दिवस तिला पाणी नव्हते. डोळे खोल गेले, नखे निळी पडली, नाडी बोटाला लागेना. "आबा, पाणी," ती पुटपुटली. ते ऐकून तिची आई उठली आणि भिवराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आमच्या घरातून तुला नको ते बोललं गेलंय. कुठल्या तोंडानं..."

"काकू, पाणी उकळायला ठेवा. मी हात धुऊन येते."

सकाळपासून भिवरा द्वारकेच्या उशाशी बसली. वैद्य कोपऱ्यात बसून पाहत होते. घरोघर फिरून तीन दिवस भिवराची पाठ जमिनीला लागली नव्हती. दुपारी तिचे डोळे मिटू लागले. "महाराज, एवढी एक वाचू द्या हो," म्हणत ती भिंतीला कलंडली.

पण पळी थांबली नाही. भगव्या छाटीतला एक हात मणी ओढत होता, पाजत होता. महाराज आले असे वाटून वैद्यांनी डोळे मिटून हात जोडले. उघडले तेव्हा उशाशी भिवराशिवाय कोणी नव्हते, भांडे रिकामे होते, आणि द्वारकेच्या कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

भिवरा दचकून उठली. "डोळा लागला माझा. किती पळ्या चुकल्या?"

"एकही नाही," म्हणत वैद्य मठाकडे धावले.

"महाराज सकाळपासून जागचे हललेले नाहीत," तिथल्या मंडळींनी सांगितले. पण महाराजांची बोटे खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली होती, आणि नखांवर पेज वाळली होती. वैद्य पाया पडू लागले, तसे महाराज मागे सरले.

"इथं नको, बाबा. एक लेकरू तहानलेलं गेलं, त्या दारी जा."

भिवरा नुकतीच घरी परतली होती. वैद्यांनी तिच्या उंबऱ्यावर डोके टेकले. "गोदीनं पाणी मागितलं होतं. मी नको म्हणालो."

भिवरा त्यांच्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, "मीही दिलं नाही, वैद्यबुवा."

आत जाऊन तिने राखेचे भांडे आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले. "खालच्या आळीत दोघं पडलीत. हात धुवा."

वैद्यांनी मान वर न करताच राखेत हात घातला.