बहुरूप्याने न केलेली नक्कल

पूर्वी कांपिल्य नगरात सुयाम राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व बहुरूप्याच्या कुळात जन्मला होता. मोर, हत्ती, कंजूष व्यापारी, रुसलेली सून, जे पाहील ते तो अंगात आणी. राजाचा त्याच्यावर फार लोभ होता.

राजवाड्यात पाणी भरणारी उत्पला एका पायाने अधू होती. इतर दासी तिच्या मागून मुद्दाम लंगडत चालत आणि राजा गवाक्षातून पाहून हसे. एकदा तो बोधिसत्त्वाला म्हणाला, "उत्सवाच्या दिवशी हिची नक्कल कर. हुबेहूब साधलीस, तर एक गाव इनाम देईन."

बोधिसत्त्वाला मोह पडला. नदीच्या वाटेवर तो उत्पलेच्या मागे मागे चालू लागला. ती वळली, तसा तो थबकला.

"माझं चालणं शिकतोस का, दादा?" तिने विचारले.

"राजाची आज्ञा आहे. पाय फार दुखतो का?"

"पायाची सवय झाली. पण मागून कुणी पावलं जुळवून चालू लागलं, की अंग आक्रसतं. मग आहे त्याहून जास्त लंगडते मी. असो. बघून घे, तुलाही पोट आहे."

एवढे बोलून ती पुढे निघाली. बोधिसत्त्व तिथेच उभा राहिला.

उत्सवाच्या दिवशी सभा भरली. उत्पला भिंतीशी घागर घेऊन मान खाली घालून उभी होती. बोधिसत्त्व उठला. मान पुढे काढून, कुणाच्या तरी टाचांवर डोळे रोखून, हसू दाबत तो चोरपावलांनी सभेत फिरला. लोक पोट धरधरून हसले.

"हे सोंग कुणाचे?" राजाने विचारले.

"इनामासाठी अधू बाईच्या मागे चालणाऱ्या माणसाचे, महाराज. म्हणजे माझेच."

हसणे विरले. दासी आपल्याच पायांकडे पाहू लागल्या.

"आणि तिची नक्कल?"

"येते, पण करणार नाही."

"गाव नको?"

"हवे होते, महाराज."

राजा उठून गेला. गाव मिळाले नाहीच, राजवाड्याचे दारही बंद झाले. बोधिसत्त्व सोंगांचे गाठोडे घेऊन जत्रांतून पोट भरू लागला. उपाशी निजताना कधी ते गाव त्याला आठवे. पश्चात्ताप मात्र झाला नाही. इकडे उत्पलेच्या मागे चालायला कुणी धजेना. पाऊल उचलले की जो तो स्वतःलाच दिसे.

दुभंगलेल्या ओठाच्या एका भिक्षूच्या बोलण्याला तरुण भिक्षू हसले, तेव्हा त्यांच्या गुरूने, शास्त्याने, ही कथा सांगितली. मग तो म्हणाला, "भिक्षूंनो, त्या जन्मी त्या दासी तुम्ही होता. तुमच्यात जो सर्वांत मोठ्याने हसला, तो सुयाम राजा. उत्पला म्हणजे हाच भिक्षू आणि बहुरूपी मी. लाभ हाताशी असताना तो सोडून दुसऱ्याची लाज राखणे, हीच करुणा."