फांग मास्तरांचा शांततेचा तास

चीन देशात एका तळ्याकाठच्या गावात इंग्रजीचे एक मास्तर होते. त्यांचं नाव फांग. माणूस कष्टाळू, पोरांवर जीव टाकणारा. पण एकदा डोक्यात काही घेतलं की ते खरं, बाकी सगळं गाव खोटं.

शाळा तळ्याच्या अगदी काठावर होती. तिथं अकरावी-बारावीचे वर्ग होते, म्हणून आसपासच्या दहा खेड्यांतली मुलं-मुली होड्यांत बसून शिकायला यायची. एका वर्षी जिल्ह्याहून तपासनीस चिआओ बाई आल्या. त्यांनी मुलांची इंग्रजीची परीक्षा घेतली. आधी उतारे वाचायला दिले. मुलांनी भराभर उत्तरं लिहिली. मग कर्ण्यावर इंग्रजी बोलणं लावलं, ते ऐकून उत्तरं लिहायची. तिथं सगळी आडवी झाली.

बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या मुलांच्या डोळ्यांना इंग्रजी येतं, कानांना येत नाही. पुढच्या वर्षी ऐकण्याच्या पेपरात निम्मी तरी पास करा. नाहीतर वरचे वर्ग इथून उचलून शहरात नेईन."

शहर म्हणजे दिवसभराची वाट. एवढ्या लांब कोण पाठवणार पोरं? मुलगे कसेतरी गेले असते. मुलींच्या हातात दुसऱ्या दिवशी केरसुणी आली असती. मास्तरांची झोप उडाली.

आता सरळ माणसानं काय केलं असतं? आपण मुलांना वर्षात किती वेळा इंग्रजी ऐकवलं, ते आठवलं असतं. परीक्षा तोंडावर आली की आठ दिवस, एवढंच. पण स्वतःकडे बोट दाखवायचं तर मनगट वळत नाही कोणाचं. मास्तरांनी बोट दाखवलं गावाकडे. "गावात गलका फार," ते म्हणाले. "म्हणून पोरांना ऐकू येत नाही."

त्या देशात एक चाल आहे. मोठ्या परीक्षेच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याचा पेपर सुरू झाला की तेवढा वेळ लोक गप्प राहतात. गाड्या भोंगा वाजवत नाहीत, गवंडी थापी खाली ठेवतात, वरात असली तर वेशीवर थांबते. पोरांसाठी लोक आनंदानं करतात. चाल चांगली आहे, तिला कोणी नावं ठेवू नयेत. पण मास्तरांनी ठरवलं, एक दिवस कशाला, वर्षभर करू. रोज दुपारी दोन ते तीन शांततेचा तास.

गाव भलं होतं. गावानं ऐकलं. दोन वाजले की पत्र्याच्या डब्यांना डाग देणारा कारागीर हातोडी मांडीखाली घेऊन बसायचा. कोंबड्यांवर टोपल्या पडायच्या. तान्ही पोरं घेऊन आया वेशीबाहेरच्या झाडाखाली जायच्या. एक म्हातारा शिंक आली म्हणून नाक दाबून तळ्यापर्यंत पळाला आणि तिथं पाण्यात पडला, तोही आवाज न करता. त्या तासात वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मास्तर खूश. मुलं कर्ण्यावरचं इंग्रजी ऐकायची, दहापैकी नऊ उत्तरं बरोबर यायची.

एकच बाई गप्प बसेना. तिचं नाव गुइझेन. शाळेच्या भिंतीला लागूनच तिचं हाताच्या नूडल्सचं दुकान होतं. पिठाचा लोळा पाटावर आपटायचा, ताणायचा, दुमडायचा, पुन्हा आपटायचा. थाप, थाप, थाप. दुपारी दोनलाच नावाडी जेवायला यायचे आणि नावाडी काही हळू बोलत नाहीत.

मास्तर दुकानाच्या दारात उभे राहिले. "बाई, एक तास बंद ठेवा."

"परीक्षेच्या दिवशी ठेवीन," गुइझेन म्हणाली. "रोज नाही. रोज बंद ठेवलं तर हे नावाडी काय तळं पिऊन पोट भरतील?"

"निदान पीठ हळू आपटा."

"हळू आपटलेलं पीठ ताणत नाही, मास्तर. समजावून बघते त्याला, ऐकलं तर ऐकलं."

नावाडी हसले. मास्तरांचे कान लाल झाले. गुइझेनची मुलगी सूयिन त्यांच्याच वर्गात होती. राग आईचा आणि काढला पोरीवर, हे तर जगात सगळीकडे चालतं. मास्तर म्हणाले, "मग तुमची मुलगी त्या तासाला वर्गात नको. गोंगाटातली पोर गोंगाटातच राहू दे."

"राहील," गुइझेन म्हणाली. "पण परीक्षेच्या यादीतून तिचं नाव खोडलंत, तर मी शाळेच्या दारात बसून पीठ आपटीन. सकाळपासून."

नाव राहिलं. सूयिन मात्र रोज दोन वाजता वर्गातून उठून दुकानात यायची. आईला हातभार लावायची, वाडगे नेऊन ठेवायची. कर्ण्याचा आवाज भिंतीवरून यायचाच. एक कान भिंतीकडे, एक नावाड्यांकडे. पहिला महिना तिला काही म्हणता काही कळलं नाही. दुसऱ्या महिन्यात चारातलं एक वाक्य हाती लागायला लागलं. गाळलेलं वाक्य पुढच्या वाक्यावरून जुळवायची, नाही जुळलं तर सोडून पुढचं धरायची. एक नावाडी तिला म्हणाला, "पोरी, मी दोनदा रस्सा मागितला, लक्ष कुठंय?" ती म्हणाली, "काका, तुम्ही तीनदा मागितलात. आणि तिकडं ती इंग्रज बाई दाताच्या डॉक्टरकडे उद्या येते म्हणाली."

असं वर्ष गेलं. परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि तळ्यातले बेडूक ओरडायला लागले.

बेडकांना कोण सांगणार? मास्तरांनी डोकं लढवलं. बाओ आजोबांकडे दोनशे बदकं होती. मास्तर म्हणाले, "आजोबा, तुमची बदकं आमच्या तळ्यात सोडा. बेडूक खातील." आजोबांनी सोडली. चार दिवसांत तळं चिडीचूप झालं. बदकंही शहाणी, सकाळी दाणे खायची आणि दुपारी सावलीत माना पंखांत घालून झोपायची. मास्तर काठावर उभे राहून हसले. "आता परीक्षा येऊ दे."

परीक्षा आली. अडतीस मुलं बसली. सूयिनला मास्तरांनी सगळ्यात मागचं, तळ्याच्या खिडकीशेजारचं बाक दिलं. चिआओ बाईंनी कर्णा टेबलावर ठेवला.

त्या दिवशी गुइझेननंही दुकान बंद ठेवलं होतं. सगळ्या गावानं कामं टाकली होती. नुसती टाकली नाहीत, कोणी आवाज करू नये म्हणून पहारा द्यायला माणसं तळ्याभोवती येऊन उभी राहिली. शे-दीडशे माणसं, तोंडाला कुलूप.

आता बदकांना काय माहीत परीक्षा कसली ती. बदकांना एवढंच माहीत, की काठावर माणूस आला म्हणजे दाणे आले. इथं तर अख्खं गाव आलेलं. एक बदक उठलं आणि ओरडलं. लोकांनी त्याला गप्प करायला हात हलवले, खाली दाबल्यासारखे. बाओ आजोबा दाणे टाकताना हात अगदी तसाच हलवायचे. दोनशे बदकं एकदम उठली, ओरडत काठाकडे धावली. लोक आणखी जोरानं हात हलवायला लागले. बदकं आणखी जोरानं ओरडायला लागली. आजोबा कळवळून खुणा करत होते, हात नका हलवू, आणि खुणा करायला हातच हलवत होते.

वर्गात कर्ण्यावर इंग्रजी सुरू झालं होतं. वर्षभर टाचणीचा आवाज ऐकलेली मुलं दगडासारखी बसली. पेन्सिली वर, तोंडं उघडी. एकजण तर रडायला लागला. कर्णा संपला तशी बदकंही दमून थांबली.

चिआओ बाई मास्तरांना म्हणाल्या, "नियम असा आहे. गोंगाटामुळे एकालाही ऐकू आलं नसेल, तर मी पुन्हा लावू शकते. तसं तुम्ही सहीनिशी लिहून द्यायचं. पण एकाला जरी ऐकू आलं असेल, तर पेपर झाला असं धरायचं."

मास्तरांच्या जिवात जीव आला. ते बाकांमधून फिरले. कोरा कागद, कोरा कागद, अर्धवट खोडलेला कागद. सगळ्यात मागे आले आणि थांबले. सूयिनचा कागद भरलेला होता. दहाच्या दहा.

मास्तर वाकून हळूच म्हणाले, "अंदाजानं ठोकलंस ना?"

"नाही मास्तर. एक माणूस होडी कधी सुटते विचारत होता. बाई म्हणाली साडेपाचला, पण आज उत्तरेच्या धक्क्यावरून. मग तो म्हणाला, सामान दक्षिणेच्या धक्क्यावर राहिलंय."

"एवढ्या गोंगाटात ऐकलंस?"

"बदकंच होती की, मास्तर. नावाडी नव्हते."

मास्तरांनी मागे वळून वर्गाकडे पाहिलं. सदतीस मुलं. दहा खेड्यांच्या होड्या. वर्ग शहरात जातील. आणि मधे ही एक पोर, जिला आपणच वर्षभर बाहेर काढलं. त्यांनी तिच्या बाकावरचं खोडरबर उचलून तिच्यापुढे धरलं. "सूयिन," ते म्हणाले, "हे खोड. पुन्हा लावतील तेव्हा पुन्हा लिही. तुझं काही जात नाही."

सूयिननं खोडरबराकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "तुम्ही सांगताय तर खोडते," ती म्हणाली. "पण मग मला ऐकू आलं होतं, हे कोणाला कळणार?"

बोलली ती हळूच. पण मास्तरांना ते शब्द दोनशे बदकांहून मोठे वाटले. मग त्यांनी खोडरबर स्वतःच्या खिशात टाकलं, टेबलाशी गेले आणि कागदावर लिहिलं, 'वर्गातल्या एका मुलीला सगळं ऐकू आलं. तिला मी वर्षभर शांततेच्या तासाला वर्गाबाहेर ठेवलं होतं. बाकीच्यांना मी आत ठेवलं होतं, त्यांना काही ऐकू आलं नाही.' आणि खाली सही केली.

चिआओ बाईंनी कागद वाचला, घडी करून पिशवीत ठेवला. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "तिची पेन्सिल चालताना मी पाहत होते. तुम्ही उलटं लिहिलं असतंत, तर वर्गही गेले असते आणि तुम्हीही."

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "वर्ग तर गेलेच."

"अजून नाही. नापासांची फेरपरीक्षा महिन्यानं असते. ती झाल्यावर ठरवीन. पण यंदा ती शाळेत घेणार नाही. होडीच्या धक्क्यावर घेईन, बाजाराच्या दिवशी."

संध्याकाळी मास्तर गुइझेनच्या दुकानात गेले. तिनं पाटावरून मान वर केली नाही. "या. बसा. आवाज होतोय हं इथं, तुमच्या तब्येतीला चालेल ना?"

"बाई, माझी चूक झाली," मास्तर म्हणाले. "माझी पोरं महिनाभर इथं बसू द्या."

गुइझेननं लोळा आपटला, ताणला. मग म्हणाली, "पोरांनी यावं. पोरांचा काय दोष? कर्णा लावील माझी सूयिन, आणि काय सुटलं तेही तीच सांगेल. तुम्ही पोरांत बसायचं."

"मी?"

"नाहीतर कोण, बदकं?"

दुसऱ्या दिवसापासून सदतीस मुलं आणि एक मास्तर दुकानात दाटीवाटीनं बसले. नावाडी जेवत होते, पीठ आपटलं जात होतं, मधेच कोणी चुलीवरचं झाकण पाडत होतं. सूयिननं कर्णा लावला. मुलं भांबावून एकमेकांकडे बघायला लागली. कोणी हात वर करेना, मला कळलं नाही असं म्हणेना. मास्तर बाकाच्या टोकाला बसले होते. कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. तिसऱ्या वाक्याला त्यांच्या लक्षात आलं, की आपल्यालाही ते कळलेलं नाही. वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते, पण दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत. चार माणसं बोलत असताना इंग्रजी ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण मास्तरांनी हात वर केला. "सूयिन, जरा मागे घेऊन पुन्हा लाव. माझं सुटलं."

मग एक नावाडी एवढा हसला की त्याला ठसका लागला. मुलंही हसली, मास्तरही हसले. आणि त्यांच्यामागून तेरा-चौदा हात वर आले. "माझंही सुटलं." "मला पहिलंच नाही कळलं." त्या दिवशी एकच उतारा अकरा वेळा लागला. पण तो सगळ्यांना कळला.

महिन्यानं बाजाराच्या दिवशी धक्क्यावर फेरपरीक्षा झाली. मुलं मासळीच्या पालथ्या पाट्यांवर बसली होती. लोक सवयीनं गप्प व्हायला लागले तशी गुइझेन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बोला की. दातखीळ बसली का सगळ्यांची? मासे काय मुक्यानं विकणार आहात?" लोक बोलले. मनापासून बोलले. मुलांनी कान लावले आणि लिहिलं.

सदतीसपैकी एकोणतीस पास झाली. चिआओ बाईंनी धक्क्यावरच सांगून टाकलं, की वर्ग इथंच राहतील. उरलेल्या आठांना घेऊन मास्तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा नूडल्सच्या दुकानात जाऊन बसले. आणि नवं सत्र सुरू झालं त्या सकाळी दहा खेड्यांच्या होड्या धक्क्याला लागल्या, तेव्हा त्यांत आदल्या वर्षीपेक्षा सहा मुली जास्त होत्या.

तात्पर्य: जग गप्प बसल्यावर शिकू असं म्हणणाऱ्याला कधीच शिकता येत नाही, कारण जग गप्प बसत नाही. म्हणून शिकवणाऱ्यानं गावाचं तोंड बंद करत बसण्यापेक्षा मुलांचे कान तयार करावेत, आणि आपल्याला कळलं नसेल तिथं सगळ्यांत आधी आपण हात वर करावा.