फोनात नसलेला सिनेमा

गडहिंग्लजात धोंडूअण्णाचं भाड्यानं कॅसेट द्यायचं दुकान होतं. आत गिऱ्हाइकांपेक्षा पालीच जास्त, असं अण्णाच हसून सांगायचा. एकदा जागेचे मालक रंगराव सभापती चारचौघांना घेऊन फोन नाचवत आले.

"धोंड्या, जगातले झाडून सगळे सिनेमे यात आहेत. यात नसलेला एक तरी दाखव, नाहीतर उद्या जागा रिकामी कर!"

अण्णा म्हणाला, "साहेब, मी आणि माझा व्हीसीआर, दोघंही खोकत चालतो. पण एक आहे बघा. तुमच्या लग्नाचं शूटिंग मीच केलेलं. उखाण्यात तुम्ही वहिनींच्या जागी मेहुणीचं नाव घेतलंत, तेही आलंय त्यात. लावू?"

सभापतींनी फोन गुमान खिशात घातला. "राहू दे. दुकानही राहू दे."

"उपकार झाले, साहेब," अण्णा हात जोडून म्हणाला. "कित्येक वर्षांनी माझा एक सिनेमा चालला, अन् तोही न लावता!"