उदाजीराजे पुरे म्हणेनात

"आम्ही पुरे म्हणेपर्यंत वाढत राहायचं," उदाजीराजे म्हणाले आणि मांडी ठोकून बसले. "दिवेलागणीपर्यंत आमच्या तोंडून 'पुरे' निघालं नाही, तर ही खाणावळ आमची. आणि तू आमच्या मुदपाकखान्यात."

हे ऐकून केंजीरावांचा चेहरा उतरला. केंजीराव जपानहून आलेले. कुंभेरगडच्या पेठेत त्यांनी जपानी खाणावळ काढली आणि दारावर हौसेनं पाटी लावली: 'हवं तेवढं खा. पानात घ्याल ते संपवा.' पहिल्या ओळीवर सगळं गाव आलं, राजेही आले. दुसरी ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. "आम्ही पानात टाकत नसतो. टाकलं तर हरलो समज."

दुपार कलली. मासा लावलेले भाताचे मुटके थाळेच्या थाळे गेले. तळलेली कोळंबी गेली. शेवयांचं कढण गेलं. राजे साधी ढेकर देईनात. मागे उभ्या प्रधानांना मात्र वासानंच कसंतरी होत होतं.

"सरूताई, मासा संपला," केंजीराव चुलीपाशी येऊन म्हणाले. "भात तळाला लागलाय. बुडालो मी."

सरू तिथली वाढपी. चाळिशी ओलांडलेली. इथं कामाला लागल्यापासून तिनं दोनदा चोळ्या सैल करून घेतल्या होत्या, त्यामुळे पुरे न म्हणणाऱ्या माणसाबद्दल तिला जरा आपुलकीच वाटत होती. पण खाणावळ गेली तर तिला परत जावेच्या हाताखाली भांडी घासायला जावं लागणार होतं. आपुलकी काही तिथवर पोचत नव्हती.

"ती हिरवी चटणी आहे ना?"

"वासाबी? भांडंभर आहे. खातंय कोण?"

खरं होतं. पहिल्याच दिवशी सरूनं कोथिंबिरीची समजून ती चमचाभर तोंडात टाकली, आणि तिला वारलेले सासरे दारात उभे दिसले. तेही रडत होते.

भांडं घेऊन ती राजांपुढे वाकली. "तोंडी लावायला काही, महाराज?"

"वाढ की."

तिनं वाटाण्याएवढी वाढली. राजांनी चाटली. कान लाल झाले, मिश्या थरथरल्या, डोळ्यांतून धारा लागल्या.

"आवडली वाटतं," सरू म्हणाली, आणि पळीभर वाढली. मग दुसरी पळी.

राजांनी घशातून काहीतरी आवाज काढला.

"थांबू कशी? पुरे म्हणेपर्यंत वाढायचं, असा हुकूम आहे. आणि पानात तर तुम्ही टाकत नाही." तिनं तिसरी पळी उचलली.

राजांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. "पुरे! अगं बाई, पुरे!"

राजे तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले आणि सावरून बसले.

"हे चालायचं नाही. आम्ही जेवणाला पुरे म्हटलं नाही, चटणीला म्हटलं. चटणी म्हणजे काय जेवण झालं?"

"नसेल बाई," सरू म्हणाली. "पण राज्यातली अर्धी माणसं भाकरीवर ठेचा घेतात, त्याला जेवण म्हणतात. तुमचा भाट रोज चौकात सांगतो, प्रजा दोन्ही वेळ जेवते म्हणून. चटणी जेवणात धरायची नसेल, तर उद्यापासून त्यानं काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

राजे पोट धरून इतके हसले की पुन्हा डोळ्यांना धारा लागल्या.

"खाणावळ तुझी रे, केंजीराव," ते म्हणाले. गळ्यातला कंठा काढून त्यांनी सरूच्या हातावर ठेवला. मग तो हिरवा ढीग हळूच मागे सरकवला.

"घ्या, प्रधानजी. सकाळपासून उपाशी आहात."