वाट कुणाच्या हद्दीत?

हिरेगाव संस्थानात निराधार विधवांना सरकारी कोठारातून ज्वारी मिळायची. पण कारभारी आबाजीपंत भारी चिकट. एखादा लांबचा नातलग जरी निघाला, तरी ‘तू निराधार नाहीस’ म्हणून ते बाईला परत पाठवत.

विणकराची विधवा तुळसा दोन लेकरं घेऊन आली, त्या दिवशी राजेसाहेबही कोठार पाहायला आले होते.

“तुला दीर आहे ना?” पंतांनी विचारलं. “मग त्याच्याकडे जा.”

तुळसानं हात जोडले. “गेले होते, पंत. तो म्हणतो, सरकार आहे ना, तिकडे जा. तुम्ही म्हणता, दीर आहे ना, तिकडे जा. माझी लेकरं या दोन दारांमधल्या वाटेवर उपाशी आहेत. ती वाट कुणाच्या हद्दीत येते, तेवढं सांगा. त्या धन्यापुढे पदर पसरते.”

वाट तर संस्थानचीच होती.

राजेसाहेब मोठ्यानं हसले. त्यांनी तुळसाला पोतंभर ज्वारी द्यायला लावली आणि म्हणाले, “बाई, मोठी चतुर आहेस!”

तुळसाचे डोळे भरून आले. “माझी शेजारीण सोनाई चतुर नव्हती, महाराज. उन्हाळ्यात ती इथूनच रिकाम्या हातानं परत गेली आणि पावसाळ्यापर्यंत काही जगली नाही. तिला असं बोलता येत नव्हतं. भूक मात्र माझ्याएवढीच लागायची.”

राजेसाहेबांचं हसू मावळलं. यापुढे कोठारावर कुणा विधवेला नातलग विचारायचे नाहीत, असा हुकूम त्यांनी तिथंच दिला. सोनाईसाठी मात्र तो फार उशिरा निघाला.