कोऱ्या जागेसकट

फार पूर्वी, वाचनालयात लाकडी कपाटं होती तेव्हा, रहस्यकथांच्या कपाटात चंदेरी नावाची एक कसर राहायची. खायची फक्त रहस्यकथा. शेजारच्या कपाटातले झुरळआजोबा तिला अधूनमधून कवितेचं पान चाखायला बोलवायचे. ती म्हणायची, "आजोबा, त्यात खून नसतो. मला पचणार नाही."

मे महिन्याची सुट्टी लागली आणि गावातल्या पोरांनी एकूण एक रहस्यकथा घरी नेल्या. कपाट रिकामं झालं. चंदेरीनं काही दिवस फळीवर चिकटवलेली चिठ्ठी कुरतडून काढले, मग मिशा पाडून आजोबांचं दार गाठलं.

"काहीही वाढा," ती म्हणाली.

आजोबांनी कविता वाढली. "यात निम्मी जागा कोरीच आहे," चंदेरी कुरकुरली, पण पान संपवलं. मग पाककृतींचं पुस्तक आलं. चकल्या तेलात का विरघळल्या, याचा तपास लागेपर्यंत तिला मान वर करवेना. वनस्पतींच्या ग्रंथातलं विषारी झाडांचं प्रकरण तर तिनं मागून घेतलं.

जूनमध्ये रहस्यकथा परत आल्या. चंदेरी धावत घरी गेली आणि थोड्याच वेळात फणफणत परतली.

"आजोबा, तुम्ही माझं वाटोळं केलंत. चौथ्याच पानावर मामा काढा पिऊन कोसळले आणि मला लगेच कळलं, काढ्यात बागेतली कण्हेर होती, खुनी माळी आहे. आता पुढचं खाण्यात काय राम राहिला?"

"मग काय करणार?"

चंदेरीनं मिशा पुसल्या. "ती कविता उरली आहे का थोडी? कोऱ्या जागेसकट वाढा."