वाटेत बसलेलं पाडस

शहराला लागून असलेल्या जंगलात तेव्हा सफारीची जीप नुकतीच येऊ लागली होती. एका सकाळी हरिणीचं नुकतंच जन्मलेलं पाडस वाटेच्या मधोमध बसलं आणि समोरून जीप आली. वाटेकडेला उभी हरिणी भीतीने थिजली.

गाईड सगुणाताईंनी जीप थांबवायला लावली.

“पुढे वाघ दिसलाय म्हणे! तो निघून जाईल,” जीपमधला एक पर्यटक कुरकुरला.

“जाऊ दे. या बाळाला अजून नीट उभंही राहता येत नाही,” सगुणाताई म्हणाल्या.

पाडस धडपडलं, पडलं, पुन्हा उठलं आणि अखेर आईपाशी पोचलं.

“आता पळ!” झाडावरून वानर ओरडलं.

हरिणी हलली नाही. “थांब रे. ह्यांचे चेहरे नीट बघू दे. मोठं झाल्यावर पाडसाला सांगायचंय, त्याच्यासाठी कोण थांबलं होतं ते.”